चिंचेत बुडवलेल्या पुंगळ्या

पितळेची कुठलीही वस्तू माझ्या हातात आली की मी आधी ती उलटी करते. बूड बघते, मग मान बघते, मग कानाशी नेऊन नखाने टिचकी मारते. परवा एका दुकानात मी समईशी हा सगळा खेळ केला, तेव्हा माझी लेक दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "मम्मा, प्लीज, नॉट हिअर." दुकानदाराला वाटलं बाई भाव पाडायच्या तयारीत आहेत. त्याने न मागताच दहा दिरहम कमी केले. त्याला काय सांगणार, की समईचं बूड मी बघत होते ते बंदुकीच्या पुंगळ्यांमुळे. वयाच्या चौदाव्या वर्षी लागलेली ही सवय आहे आणि ती आता सुटेल असं वाटत नाही.

आम्ही तेव्हा दुबईतल्या अल मनखूलमध्ये राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खिडकीतला एसी इतक्या जोरात घुरघुरायचा की पाहुणे आले की आई तो बंद करायची आणि पाहुणे घामाघूम होऊन लवकर उठायचे. बाबा पूर्वी पुण्याकडच्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. काडतुसाची पितळी पुंगळी तयार झाली की ती चांगली की वाईट हे सांगणं एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी एकवीस वर्षं केलं. मग कुणाच्या तरी ओळखीने ते दुबईला आले, शहरापासून तासभर दूर वाळवंटातल्या एका नेमबाजीच्या क्लबात स्टोअरकीपर म्हणून. तिथले सभासद रायफलने तीनशे मीटरवरच्या कागदावर गोळ्या मारायचे, आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून, निवडून, साफ करून पुन्हा भरायला तयार ठेवणं हे बाबांच्या खात्यात होतं. आई बिल्डिंगमधल्या बायकांना फक्त "क्लबमध्ये असतात, स्टोअरला" एवढंच सांगायची. बंदुकीचा ब सुद्धा काढायची नाही. त्यामुळे समोरच्या काकूंचा असा पक्का समज होता की बाबा टेनिसच्या रॅकेटी सांभाळतात. एकदा त्यांनी मुलासाठी एखादी जुनी रॅकेट मिळेल का म्हणून विचारलंही होतं. आईने "बघते हं" म्हणून वेळ मारून नेली.

गुरुवार-शुक्रवार सगळ्या गावाला सुट्टी, आणि बाबांना तेव्हाच सगळ्यात जास्त काम. म्हणजे सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचं तोंड बघायचं असेल तर क्लबात जाणं भाग होतं. आईने पहिल्या वर्षी थोडी कुरकुर केली, मग दशम्या, लसणाची चटणी, बटाट्याच्या काचऱ्या आणि थर्मासमध्ये ताक असा डबा बांधायला लागली. क्लबाचा नियम होता की पुंगळी रिकामी असली तरी फाटकाबाहेर जाता कामा नये, म्हणून आम्हीच तिच्याकडे जायचो. पहिले काही आठवडे रेंजवर प्रत्येक बार झाला की आई "अगं बाई!" म्हणायची. सामन्याच्या दिवशी तर तिचं "अगं बाई" संपायच्या आत पुढचा बार व्हायचा. नंतर ती सवयीने थांबली. पुढे पुढे तर बार थांबले की मान वर करून विचारायची, "का हो, जेवायला गेले वाटतं सगळे?"

स्टोअर म्हणजे पत्र्याच्या छताची लांबट खोली, मधोमध लोखंडी टेबल, त्यावर पुंगळ्यांचा ढीग. बाबा प्रत्येक पुंगळी चिमटीत धरायचे. आधी बुडावरचा शिक्का बघायचा, एका कंपनीच्या एका डब्यात. मग मानेवर चीर आहे का ते. मग बुडाच्या जरा वर चमकदार कडं उमटलंय का ते, कारण तिथे पितळ आतून विरत आलेलं असतं. शंका आली की ते टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून ओढायचे, आणि तारेला आत खळगा लागला की पुंगळी बाद. जी पुंगळी जितक्या वेळा उडाली तितक्या रेघा डब्यावर. "एकदा उडलेली आणि पाचदा उडलेली एकत्र नांदत नाहीत," असं ते म्हणायचे. मला ते सगळं फार रटाळ वाटायचं. "बाबा, इट्स ओन्ली ब्रास," मी म्हणायची. बाबा पुढची पुंगळी उचलायचे.

खरी कमाल आईची. ती तिथे नुसती बसून कंटाळली, आणि कंटाळलेल्या आईच्या हाताला काम लागतंच. एक दिवस तिने ताटलीत मूठभर पुंगळ्या घेतल्या आणि घरी तांदूळ पाखडते तशी ताटली नुसती हलवली. किणकिण किणकिण. मग थांबली आणि म्हणाली, "अहो, यात एक फुटकं आहे." बाबा हसले. त्यांनी एकेक करून बघितल्या, भिंग लावून बघितल्या, आणि सातव्या पुंगळीच्या मानेवर केसाएवढी चीर निघाली. आई म्हणाली, "माठ घेताना नाही का वाजवून घेत? तसंच. फुटक्याचा आवाज बद्द येतो." एकवीस वर्षं सरकारची नोकरी केलेला माणूस त्या ताटलीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून बाबांनी डोळ्यांनी पास केलेला प्रत्येक डबा आईच्या कानाखालून जायला लागला, आणि आईच्या चालण्यात जरा फरक पडला.

आता अबू सैफ. हे क्लबाचे सगळ्यात जुने सभासद, साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे, पांढऱ्या पायघोळ अरबी झग्यातले, कंदुऱ्यातले. तरुणपणी खजुराचं जहाज घेऊन मुंबईला जायचे, म्हणून त्यांचं हिंदी आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं होतं. त्यांच्या मेव्हण्याशी, अबू राशिद यांच्याशी, दरवर्षी सामना लागायचा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याला बकऱ्याचं जेवण घालायचं. अबू सैफ लागोपाठ दोन वर्षं हरले होते. हरण्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं, पण जेवताना मेव्हणा जे बोलायचा ते त्यांना झोंबायचं. यंदा त्यांनी बाबांना दोनशे पुंगळ्यांचा स्वतःचा डबा दिला होता. सगळ्या एका कंपनीच्या, सगळ्या दोनदाच उडालेल्या, एकीसारखी दुसरी. "पेठकर भाई," ते बाबांना म्हणाले, "इस साल खाना मैं खाएगा, इन्शाल्ला."

सामन्याला पंधरा दिवस होते आणि पॉलिशची मशीन बंद पडली. मशीन म्हणजे एक फिरणारं पिंप. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आणि पुंगळ्या घालायच्या, तीन तास घरघरू द्यायचं, की पुंगळ्या लख्ख. तिचा पट्टा तुटला, आणि नवा पट्टा परदेशातून यायला महिना. बाबा डोक्याला हात लावून बसले. आई म्हणाली, "गणपतीत आपण देव कशाने घासतो?" पुढच्या गुरुवारी ती बर दुबईतल्या किराणावाल्याकडून चिंचेची दोन पाकिटं घेऊन आली. "तीन-तीन दिरहम," गाडीत बसल्यापासून ती सांगत होती, "म्हणजे एकाला जवळजवळ तीस रुपये! चिंचेला! आमच्या परसात सडा पडायचा." बाबांनी चार पुंगळ्यांवर करून बघितलं, काळजीपूर्वक धुतलं, भिंगाखाली धरलं आणि परवानगी दिली. पण त्या आधी त्यांनी मला खणातून एक जुनी पुंगळी काढून दाखवली. ती गुलाबीसर होती, मला तर ती बाकीच्यांपेक्षा सुंदरच वाटली. "ही आंबट पाण्यात फार वेळ राहिली," बाबा म्हणाले. "पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने यातलं जस्त खाल्लं. आता हे दिसायला धातू, आतून खडू. बार झाला की मागे फुटू शकते, आणि मागे नेमबाजाचा गाल असतो. पाच मिनिटं, मंजू. फाइव्ह. मग धुवायच्या." मी म्हणाले, "ओके ओके."

आईने एकशे चाळीस पुंगळ्या घड्याळ लावून केल्या. शेवटच्या साठ माझ्याकडे दिल्या आणि ती डबा आवरायला गेली. मी त्या चिंचेच्या बादलीत टाकल्या. पाच मिनिटं म्हणजे कितीतरी वेळ. क्लबाच्या मागच्या अंगणात एक पाळलेलं हरीण होतं आणि त्याला आईच्या दशम्या फार आवडायच्या. मी म्हटलं, एक दशमी देऊन येते. एक दिली, मग दुसरी दिली, मग ते माझ्या ओढणीचं टोक खायला लागलं, ते सोडवेपर्यंत बाबांनी गाडीचा हॉर्न वाजवला. मी धावत जाऊन गाडीत बसले. बादली सिंकखाली होती, आणि तिची मला आठवण झाली ती शुक्रवारी सकाळी, आई आमटीसाठी वाटीत चिंच भिजत घालत होती तेव्हा. 

त्या शुक्रवारच्या प्रवासात मी जितक्या देवांची नावं घेतली तितकी शाळेच्या परीक्षेलाही घेतली नव्हती. बाबा फाटकावर सही करायला थांबले, मी किल्ल्या घेऊन पळत स्टोअरमध्ये गेले आणि बादली ओढली. साठच्या साठ गुलाबी. एकसारख्या, मऊ, सुंदर गुलाबी. मी त्या धुतल्या, फडक्याने घासल्या, गुलाबी थोडं गेलं, पूर्ण जाईना. आणि तेवढ्यात आई आत आली, हातात शिवणयंत्राचा चामडी पट्टा घेऊन. तिला घरी सुचलं होतं की पॉलिशच्या मशीनला तो बसेल. बाबांनी तो कापला, जोडला, चढवला, आणि मशीन घरघरायला लागली. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की जणू घरात बारसं आहे. बाबा म्हणाले, "आण गं मंजू, सगळ्याच घाल. एकदम चकाचक होऊ देत." मी सगळ्या घातल्या. एकशे चाळीस आणि साठ, एकत्र.

तीन तासांनी झाकण उघडलं तेव्हा दोनशे सोनेरी पुंगळ्या बाहेर आल्या आणि त्यातली गुलाबी कुठली हे मलाही कळेना. बाबांनी प्रत्येक बघितली. तार घातली. आईने ताटली हलवली. किणकिण, एकही बद्द नाही. अबू सैफ संध्याकाळी आले, मूठभर पुंगळ्या उचलून उन्हात धरल्या, आणि बाबांनी अभिमानाने सांगितलं, "मेरी बेटी ने भी काम किया है." अबू सैफनी मला खजुरांचा डबा दिला आणि म्हणाले, "शाबाश बिंती, शाबाश बेटी. छोटा इन्स्पेक्टर." मी "थँक यू अंकल" म्हणाले. ते खजूर मी पुढे कधीच खाल्ले नाहीत. माझ्या वाट्याचे सगळे आईने शेवयांच्या खिरीत घातले, आणि ती खीरही मी खाल्ली नाही.

तो आठवडा मला अजून आठवतो, आणि आज हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. मला जेवण जाईना. आईला वाटलं ताप आहे, तिने मला आलं-मिऱ्याचा काढा दिला. शाळेत सायन्सच्या बाई फळ्यावर जस्त लिहायला लागल्या तर मी वहीत डोकं खुपसलं. सारखा अबू सैफ यांचा गाल डोळ्यांपुढे यायचा, पांढऱ्या दाढीचा, रायफलीला टेकवलेला. मी स्वतःला समजावत होते की काही होणार नाही, साठच तर आहेत, दोनशेतल्या साठ. मग मीच हिशोब करायची की सामन्यात ते साठ बार उडवतात. मी भित्री होते आणि बाबांच्या रागापेक्षाही त्यांच्या "मेरी बेटी" ची मला जास्त भीती वाटत होती. ते शब्द त्यांना परत घ्यावे लागतील, हे मला सहन होणार नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, सामन्याच्या आदल्या दिवशी, डबा भरायला जायचा होता. भरण्याचं काम एक म्हातारा इंग्रज साहेब पलीकडच्या बंद खोलीत करायचा, तिथे बाबा सोडून आमच्यापैकी कुणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. अबू सैफ मुद्दाम बघायला आले होते. "यल्ला, चलो पेठकर भाई," ते म्हणाले, आणि बाबांनी डबा उचलला. ते दारापर्यंत गेले. दाराला हात लावला.

"बाबा, नका देऊ."

आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. मग सगळं एका दमात बाहेर पडलं. बादली, हरीण, दशमी, गुलाबी, मशीन. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, आणि शेवटचा भाग रडण्यात. आई मटकन खुर्चीत बसली. "माझ्याच डोक्यातून ती चिंच निघाली हो," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "तुझ्या चिंचेचं काही चुकलं नाही. पाच मिनिटं बरोबर होती." ते मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला, माझ्यापुढे भिंग ठेवलं आणि म्हणाले, "साठ शोध. एकशे चाळीस वाचव."

मी बसले. बाबाही बसले. मी एक उचलायची, ते एक उचलायचे. उन्हात धरून बघितली, दिव्याखाली धरून बघितली, आईने पुन्हा पुन्हा वाजवून बघितल्या. एखादी जरा लालसर वाटायची, मग तिच्या शेजारचीही वाटायची, मग सगळ्याच. दोन तासांनी बाबांनी भिंग खाली ठेवलं.

"सापडल्या?"

"नाही," मी म्हणाले.

"मलाही नाही," बाबा म्हणाले. "एकवीस वर्षं हेच केलं मी. पण हे डोळ्याला दिसत नाही गं. कोणीतरी सांगावंच लागतं." मग ते उठले आणि अबू सैफ यांच्याकडे वळून हात जोडले. "साब, सब खलास. दोन सौ के दोन सौ."

कोपऱ्यात पुंगळ्या चेपायची हाताची मशीन होती. बाद पुंगळी पुन्हा चुकून कुणाच्या हाती लागू नये म्हणून ती चपटी करायची असा नियम. बाबा एकेक पुंगळी जबड्यात ठेवत गेले आणि दांडा मी ओढत गेले. दोनशे वेळा. शंभराच्या पुढे माझ्या हाताला फोड आले, आणि अबू सैफ दारात उभे राहून सगळं बघत होते.  शेवटची पुंगळी चपटी झाल्यावर ते म्हणाले, "अच्छा. कल दुकान का माल मारेगा." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानातल्या तयार काडतुसांनी खेळले. मी आणि आई मागच्या बाकावर बसलो होतो. दिवस असा स्तब्ध होता की रेंजवरची लाल निशाणं काठीला चिकटून लोंबत होती, पान हलत नव्हतं. रायफलीला त्या काडतुसांची सवय नव्हती, गोळ्या कागदभर विखुरल्या. अबू सैफ हरले, तेही चांगल्या बारा गुणांनी. मी आईच्या पदराआड तोंड लपवलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी हरल्याचं जेवण घातलं आणि आम्हालाही बोलावलं. बाबा म्हणाले, जायलाच हवं. बाबांचं जेवण पुरुषांच्या बैठकीत, आईचं आत बायकांत. मी अजून लहान म्हणून बाबांच्या शेजारी बसले. जमिनीवर गालिचा, मधोमध भाताचं एवढं मोठं ताट की त्यात मी झोपले असते, आणि भातावर अख्खा बकरा. आमच्यासाठी वेगळा पांढरा भात, दही आणि खजूर आले. अबू सैफ यांनी स्वतः हाताने वाढलं. तेवढ्यात मेव्हणे अबू राशिद, ज्यांच्या आनंदाला नुसता ऊत आला होता, आमच्या देखत हिंदीत म्हणाले, "बोलो भाई, इस साल क्या बहाना है? बंदूक? आँख? पेठकर का माल?"

सगळे हसले. बाबांचा घास हातात तसाच राहिला. मी ताटाकडे बघत होते. अबू सैफ यांनी सावकाश भाताचा गोळा केला, तोंडात टाकला, खाल्ला, आणि म्हणाले, "हवा था. बहुत हवा."

मला ती लोंबणारी लाल निशाणं स्पष्ट दिसत होती. एक पान हललं नव्हतं. आणि नुकतंच शिकले होते की जे दुसऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही ते आपण सांगायचं असतं. मी घसा साफ केला. "अंकल, हवा तो..."

बाबांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. जोरात. मी त्यांच्याकडे बघितलं. ते अबू सैफ यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी माझ्या ताटात आणखी दही-भात वाढला.

"खा," ते म्हणाले. "पंधरा दिवस धड जेवली नाहीयेस."